बाराजणांत एक हात

रोनिलोने गलबत आणलं ते
देश सोडून निघालेल्या कुणा बाईच्या सामानातून,
इस्त्री आणि टेबलपंख्याच्या मध्ये पडलेलं, दोन रियालला.
डबा उघडला तर वल्हेकरी बारा,
आणि बाराजणांत मिळून उजवा हात एक.
बाकीचे खांद्याशीच संपलेले,
बोलता बोलता कुणी फोन घ्यायला उठावं तसे.

"मुकादम, तू दातवाला ना," शिबू म्हणाला,
"कर काहीतरी."

दिवसभर मी हमरियाच्या लॅबमध्ये
लोकांच्या जबड्यांचे ठसे प्लास्टरने भरतो.
नावं माहीत नसतात, दाढा माहीत असतात:
कोण झोपेत दात खातो,
कोण एकाच बाजूने चावतो.
तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढा एक हात
म्हणजे किरकोळ काम, मी म्हटलं.

किरकोळ नव्हतं.

निळी कांडी गरम पाण्यात सोडायची.
ऑगस्टात रुवीच्या नळाचं पाणी अर्धं काम करतंच,
गच्चीवरची टाकी दिवसभर चुलीवर असते,
उरलेलं किटलीकडे.
कांडी सैल भिजवलेल्या कणकेसारखी झाली
की हातावर दाबायची, श्वास रोखून,
आणि निवेपर्यंत गप्प बसायचं.
शिबूला हेच जमत नाही.

मग पिवळी लांबी, निळी लांबी,
मळून मळून हिरवी. साच्याला तेलाचं बोट.
पहिल्या हाताला बोटंच आली नाहीत.
दुसऱ्याच्या मनगटात बुडबुडा.
तिसऱ्याला तेल विसरलो,
तो साच्यातून सुटेना,
बरणीत अडकलेल्या मुठीसारखा.
चौथा निघाला. एसीच्या बाहेरच्या पेटीवर
उष्ण झोतात रात्रभर वाळवला.
अल-तय्यिबने फार्मसीतून आणलेल्या चिमट्यात धरून
दिव्याखाली फिरवला आणि म्हणाला, माशाअल्लाह,
जसं कुणाला मूल झालंय.

मूळ हाताच्या कोपराला एक खाच होती.
कारखान्यात कुणाची तरी सुरी घसरली असेल.
आता ती सगळ्यांनाच आली.
साचा काही विचारत नाही,
खाच ठेवू का म्हणून.

सोमवारी कार्ड नवीन करायला गेलो.
यंत्राने माझा अंगठा ओळखला नाही.
चौदा वर्षांच्या प्लास्टरने रेषा खाल्ल्यात.
काचेपलीकडची मुलगी म्हणाली, पुन्हा.
मग म्हणाली, पुन्हा, जोरात.
मग म्हणाली, घरी जाऊन क्रीम लावा, उद्या या.
मागच्या रांगेतला माणूस
स्वतःची बोटं पँटला पुसायला लागला.

त्या रात्री भिंगाखाली सातवा हात उलटा केला.
पाठीमागे, जिथे मी लांबी दाबली होती,
माझा अंगठा.
पुसट, पण रेषा न् रेषा,
वाऱ्याने वाळूवर ओढाव्यात तशा.
खरं तर ही पाठ घासून सपाट करायची असते.
कानस हातात घेतली
आणि कानसच ठेवून दिली.
रंगाखाली जाईलच. पण बारापैकी अकराजण
माझा अंगठा पाठीवर घेऊन वल्ही मारतात
हे मी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या गुरुवारी गलबत पाण्यात उतरलं,
म्हणजे शिबूच्या निळ्या चादरीवर.
बारा हात, एकच वाकण, बारा वल्ही.
रोनिलोने फुंकर मारून फासे टाकले.
एक आणि एक.
पहिल्याच डावात खडकावर.

अल-तय्यिब इतका हसला
की त्याला चहा ठसकला.

सगळे गेल्यावर साचा किटलीत सोडला.
आधी बोटं गेली, मग कोपर, मग ती खाच,
आणि कांडी परत नुसती कांडी झाली,
चकचकीत, कोरी,
तिने कधी कुणाचा हात धरलाच नव्हता जसा.
मला वाटलं होतं, वाईट वाटेल.
पण तेवढ्यात दार वाजलं.
अल-तय्यिब परत आला होता, चप्पल उलटसुलट घालून,
तळहातावर कागदी रुमाल,
रुमालात एक गाढव,
डाव्या कानाचं.
म्हणाला, उजवा होईल का?